मिठाच्या तळ्यावरची हाक

२ जुलै, मंगळवार

आज ट्रामच्या थांब्यावर दोन तरुणांनी मला ओळखले. ओळखले म्हणजे काय, तर त्यांतल्या एकाने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हुबेहूब माझ्या सुरात, शेवटचा स्वर लांबवत, "सेऽऽड्रिक!" अशी आरोळी ठोकली. दुसरा हसत सुटला. मीही हसले. इतकी वर्षे हसतेच आहे.

मी रंगभूमीवर राण्या केल्या, वेड्या केल्या, दूरचित्रवाणीवर न्यायाधीशसुद्धा केली. परंतु मेलबर्नच्या रस्त्यात माझे नाव व्हॅल्डा नाही. माझ्या धाकट्या भावाचे नाव हेच माझे नाव आहे. 'मिठाचे तळे' या चित्रपटात पोलीस आमच्यासारख्याच एका काळ्या, आदिवासी मुलाला उचलून नेतात आणि त्याची बहीण तळ्याच्या काठावर उभी राहून त्याला हाक मारते. बहीण मी होते. भाऊ सेड्रिकच होता, कारण दिग्दर्शकाला घोड्यावर बसता येणारा दुसरा मुलगा मिळाला नाही. पटकथेत त्या मुलाचे नाव वेगळे होते. सेड्रिक त्या नावाला वळूनच पाहीना. "माझं नाव ते नाहीच, मग मी कशाला वळू?" हा त्याचा बिनतोड सवाल. बरीच रिळे वाया गेल्यावर दिग्दर्शकाने हात टेकले आणि पटकथेतले नाव बदलले.

संध्याकाळी महोत्सवाच्या संचालिका फ्रेया यांचा फोन आला. चित्रपटाची जुनी प्रत स्वच्छ करून झाली आहे. तीन ऑगस्टला मोठ्या नाट्यगृहात खेळ, नंतर माझा सत्कार. मी शांतपणे आभार मानले. गेली दहा वर्षे माझ्या वाट्याला फक्त आज्या येतात. पहिल्या भागात आशीर्वाद देतात आणि दुसऱ्यात मरतात.

५ जुलै, शुक्रवार

सेड्रिकशी बोलले. तो आठवड्यातून तीनदा तिकडे वाळवंटातल्या गावी, अ‍ॅलिसच्या रुग्णालयात रक्त धुऊन घेण्यासाठी यंत्राला जोडलेला असतो. त्या वेळीच फोनवर सापडतो.

"काय ताई, कसली आजी चाललीय सध्या?"

"कसलीच नाही. 'मिठाचे तळे' पुन्हा लागतो आहे. सत्कार आहे माझा."

"तुझा? घोड्यावरनं पडलो मी, आणि सत्कार तुझा?"

"तूही ये ना."

"हे यंत्र पाठीवर घेऊन येऊ का? अगं, तुझ्या त्या बोंबलण्यापायी इथं दुकानात जायची सोय नाही मला. परवा एक गोरं पोरगं दूध घेताघेता माझ्याच कानाशी माझ्याच नावानं ओरडलं. मीच तो, हे त्याच्या गावीही नाही! नोलीन म्हणाली, एक ठेवून द्या. मी म्हटलं, जाऊ दे. जिवंत आहे तोवर ओरडा म्हणावं. नंतर मात्र सगळ्यांनी तोंडं मिटा."

नोलीन मागून काहीतरी बोलली आणि दोघेही हसले. नोलीन त्याची बायको. तिचे हसणे फोनवरही मोठे ऐकू येते.

८ जुलै, सोमवार

वृत्तपत्राची एक मुलगी मुलाखतीला आली. पहिलाच प्रश्न तो. ती हाक तुम्ही कशी साधलीत? मी नेहमीचे उत्तर दिले: श्वास पोटातून घ्यावा, स्वर कपाळात ठेवावा, शेवटचे अक्षर सोडू नये. तिने भराभर उतरवून घेतले.

वस्तुस्थिती अशी की, त्या दिवशी सेड्रिक कंटाळून कुणाला न सांगता घोरपडीच्या मागे निघून गेला होता. दुपार चढली, त्याच्याजवळ पाणी नव्हते, आणि मिठाच्या त्या कोरड्या, पांढऱ्या पसाऱ्यात माणूस कुठेच दिसेना. मी काठावर गेले आणि हाक मारली. कॅमेरा चालू होता, हे मला संध्याकाळी समजले. परंतु हे मुलाखतीत सांगण्यासारखे नाही. कलेचे श्रेय योगायोगाला का द्यावे? श्वासाचे उत्तरच अधिक योग्य आहे.

११ जुलै, गुरुवार

पहाटे भावाच्या मुलाचा, लाइलचा फोन. "आत्या, बसली आहेस का? नसलीस तर बस."

मी बसले. त्याने कुणाचे नाव घेतले नाही. त्याची आवश्यकताही नव्हती. माझा भाऊ गेला. यंत्राजवळच, खुर्चीत.

१२ जुलै, शुक्रवार

दिवाणखान्यातले 'मिठाचे तळे'चे भित्तिपत्रक उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवले. खिडकीच्या उन्हाने रंग उडू लागला आहे. आज दिवसभर पाऊस होता. परंतु ऊन कधीतरी पडेलच.

१४ जुलै, रविवार

लाइलशी बराच वेळ बोलले. घर रिकामे करून, झाडून, सगळे वस्तीबाहेर शोकाच्या तळावर राहायला गेले आहेत. लाइलच्या धाकट्या मुलाला आजोबांचेच नाव ठेवलेले होते. मयताचे नाव आमच्यात उच्चारत नाहीत, म्हणून त्याला आता सगळे 'बिननावाचा' म्हणतात. नोलीनने बोलणे सोडले आहे. तळ उठेपर्यंत आणि त्यानंतरही, थोरल्या बायका मोकळीक देईपर्यंत, ती फक्त हातांनी बोलेल. जिचे हसणे साऱ्या वस्तीला ऐकू यायचे, ती.

शेवटी लाइल मुद्द्यावर आला.

"आत्या, त्या सिनेमाचं इथं कळलंय. दाखवू नका असं कुणी म्हणत नाही. 'यात मयत माणसं दिसतील' अशी पाटी लावतात ना आधी, ती लावू देत. ज्याला बघायचं नाही तो उठून जाईल. पण ती हाक नको. तेवढी काढायला सांग."

"का?"

"का म्हणजे? आत्या, मला बोलायला लावू नकोस."

"तो यंत्रातला आवाज आहे, लाइल."

"आवाज तुझा आहे. दुसऱ्या कुणाचा असता तर म्हाताऱ्या माणसांनी एवढं मनावर घेतलं नसतं. बाबांना आता जायचंय. निघालेल्या माणसाला मागनं हाक मारतात का कुणी? आणि ती पण थोरल्या बहिणीनं?"

"मग तुम्हीच काय ते ठरवा."

"आम्ही कोण ठरवणार? मोठी तू. तू म्हणशील ते." मग म्हणाला, "आणि लवकर ये गं. तुझी जागा धरून ठेवलीय. मोठी बहीण आल्याशिवाय रडणं सुरू होत नाही, तुला माहिताय. माती पण तोवर थांबलीय."

मी या गोष्टी मानत नाही. मिशनच्या शाळेत वाढले, उभे आयुष्य मेलबर्नमध्ये काढले. मेलेला माणूस हाकेने परत येत असता, तर जगात एकही विधवा उरली नसती.

१६ जुलै, मंगळवार

फ्रेया स्वतः घरी आल्या. त्यांनी फुले आणली होती आणि त्या खाली पाहून बोलत होत्या.

"व्हॅल्डाबाई, मी एक सुचवू का? त्या जागी आपण आवाज बंद ठेवू. पडद्यावर तुम्ही दिसाल, ओठ हलतील, आणि सभागृहात पूर्ण शांतता. लोकांना कारण आधी सांगू. मला वाटतं, ते समजून घेतील."

त्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. परंतु हाकेवाचून त्या चित्रपटात काय उरते? मिठाच्या तळ्यावर तोंड उघडून उभी असलेली एक बाई. माझ्या सगळ्या आयुष्यातून लोकांनी वेचून ठेवले ते एवढेच. तेही पुसून टाकायचे, तर सत्कार नेमका कशाचा?

"आवाज जसाच्या तसा राहील," मी म्हणाले.

"घरच्यांची हरकत नाही ना?"

"घरात आता सर्वांत मोठी मी आहे. निर्णय माझा आहे."

या वाक्यातला शब्दन् शब्द खरा आहे. फ्रेया यांनी माझ्याकडे जरा अधिक वेळ पाहिले आणि त्या चहा न घेता गेल्या.

२० जुलै, शनिवार

लाइलला कळवले की मी तीन तारखेनंतर येईन. "बरं," एवढेच तो म्हणाला. नंतर म्हणाला, "आईला फोन देऊ?" आणि त्याने तो नोलीनच्या कानाशी धरला. मी पुष्कळ बोलले. आठवणी, सांत्वन, नाट्यगृहाची अडचण. पलीकडे फक्त श्वास होता. न बोलणाऱ्या माणसाशी बोलताना आपले वाक्य किती लांबते, हे मला रंगभूमीवर कुणी शिकवले नव्हते.

आज उगाच जेराल्डची आठवण आली. आमचा संसार मोडला तेव्हा त्याने एकच तक्रार केली होती. "तू या घरात मला कधी हाक मारली नाहीस. स्वयंपाकघरातून उठून खोलीत येतेस आणि हळूच बोलतेस." मला ती तक्रार पोरकट वाटली होती. घशाला जपावे लागते, हे त्याला कळायला हवे होते. तो छायालेखक होता. मूल हवेसे वाटले तेव्हा दौरा होता आणि दौरा संपला तेव्हा तो गेला होता. मला त्याचे दुःख नाही. दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात हे घडले असते, तर मी ते चांगले वठवले असते.

२८ जुलै, रविवार

झोप येत नाही. जेवणाला चव नाही. कोकराच्या मांसाचा रस्सा केला आणि तसाच ओतून दिला. डॉक्टरबाई म्हणतात, शोक आहे. मी त्यांना म्हणाले की मला अजून रडू आलेले नाही. त्या म्हणाल्या, येईल. तयारीशिवाय काहीही येत नाही, हा माझा अनुभव मी त्यांना सांगितला नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

नाट्यगृह भरलेले होते. लोक जिन्यांवर बसले होते.

पडदा उजळला आणि तो घोड्यावरून आला. वीस वर्षांचा. दात दाखवत. मी मनाशी ठरवले होते की संपूर्ण चित्रपट डोळे उघडे ठेवून पाहायचा. तंत्राच्या दृष्टीने पाहायचा. पहिल्या दृश्यानंतर मी मांडीवरची चित्रपटाची माहितीपत्रिका वाचू लागले. अंधारात ती वाचता येत नव्हती. तरीही मी ती वाचत राहिले.

हाक आली. स्वच्छ केलेल्या प्रतीत ती फारच स्पष्ट आहे. तिच्या शेवटी घशात एक बारीक चीर पडते; ती मला आजपर्यंत कधी ऐकू आली नव्हती. अशी चीर मी ठरवून कधीही पाडू शकले नसते.

दिवे लागले. सगळे उभे राहिले. मला मंचावर नेले, खांद्यावर शाल घातली. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी माझ्याच सुरात ते नाव उच्चारले. प्रेमाने. मग शेजारच्यांनी साथ दिली, मग बाल्कनीतल्यांनी, आणि पाहता पाहता सबंध सभागृह हात तोंडाशी नेऊन माझ्या भावाला बोलावू लागले. फ्रेया दोन्ही हात हलवून "नको, नको" म्हणत होत्या. त्यांच्याकडे कुणाचेही लक्ष नव्हते.

मी काय केले? मी वाकून अभिवादन केले. ती सवय आहे. टाळ्या आल्या की कंबर आपोआप वाकते.

४ ऑगस्ट, रविवार

वृत्तपत्रांतून स्तुती. 'काळाने न झिजलेली हाक.' एका परदेशी निर्मात्याने भूमिका देऊ केली आहे. म्हातारी आजी, शेवटच्या दृश्यात ती मेलेल्या नातवाला हाक मारते. "ती तशीच हवी, अगदी तशीच," असे त्याने तीनदा बजावले. मी विचार करून सांगते म्हणाले. एवढ्यासाठीच मी आयुष्यभर दारे वाजवीत होते. दार उघडले, तर आत मीच उभी.

रेडिओवरच्या बातम्यांतही कालच्या कार्यक्रमाचा उल्लेख झाला, असे शेजारीण म्हणाली. "तुमचा तो तुकडासुद्धा ऐकवला हो, संपूर्ण देशाला!"

गावी जायला उद्याचे तिकीट नाही. परवाचे मिळाले.

६ ऑगस्ट, मंगळवार

अ‍ॅलिसच्या विमानतळावर लाइल घ्यायला आला होता. पुढे होऊन त्याने पिशवी घेतली, गालाला गाल लावला. मोटारीत बसल्यावर माझे लक्ष गेले: पुढच्या फळीत जिथे रेडिओ असतो, तिथे फुटक्या काचा आणि लोंबत्या तारा होत्या.

"चोरी झाली का?"

"नाही."

गाव मागे पडून लाल माती सुरू झाली. मग तो स्वतःहूनच बोलला.

"रविवारी सकाळी गाडी तळावरच होती, आत्या. रेडिओ चालू होता, पोरं फुटबॉलची वाट बघत होती. बातम्या लागल्या. आणि एकदम तू."

मी त्या तारांकडे पाहिले.

"आई विस्तवाजवळ बसलेली. ती ताडकन उठली. तुझ्या आवाजाकडे नाही बघितलं तिनं. उलट्या बाजूला, बाहेर, रानाकडे बघायला लागली. म्हणजे, आता बाबा येतात की काय तिकडून, असं. आजीनं दगड घेतला आणि हे असं केलं." त्याने तारांकडे हनुवटी उडवली. "त्याच दिवशी तळ उचलला. नदीच्या पलीकडे नेला. म्हाताऱ्या माणसांना पण उचलून न्यावं लागलं."

"लाइल, रेडिओवर लागेल हे मला—"

"ठाऊक नव्हतं. ठाऊक आहे मला." मग तो म्हणाला, "तुला कुणी काही बोलणार नाही आत्या. मोठी आहेस तू."

त्याने मला शिवी दिली असती, तर मी तिचे उत्तर देऊ शकले असते.

७ ऑगस्ट, बुधवार

काल पुढचे लिहिण्यासारखी अवस्था नव्हती. आजही नाही, परंतु घडले ते क्रमाने लिहिते.

आम्ही उन्हे कलताना तळावर पोहोचलो. बायका वाळूत अर्धवर्तुळ करून बसल्या होत्या, कपाळांना पांढरी माती लावलेल्या. मधोमध एक जागा मोकळी होती. तिथली वाळू कुणीतरी सपाट करून ठेवली होती; रोज करत असणार, कारण तिच्यावर पाऊलसुद्धा नव्हते. नोलीनच्या आईने माझ्या कपाळाला, गालांना माती लावली. तिचे हात खडबडीत होते आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती. नोलीन समोर बसली होती. एका महिन्यात ती निम्मी झाली आहे.

मी बसले. सगळ्या थांबल्या. माझ्या आईच्या वेळी मावशीने सुरुवात केली होती, ते मला नीट आठवते: आधी एकटीचा आवाज उठतो, मग शेजारची त्यात शिरते, मग तिच्या शेजारची, आणि शेवटी कुणाचे रडणे कुणाचे, हे सांगता येत नाही. तेवढे झाले की मयत माणूस मोकळा होतो.

"वन्संना पाणी द्या," कुणीतरी कुजबुजले. मी पाणी घेतले नाही. मी तोंड उघडले.

छातीत काहीतरी होते, याची मी शपथ घेते. एक महिनाभर ते तिथे होते. परंतु घशातून जे बाहेर आले, ते ते नव्हते. श्वास पोटातून आला, स्वर कपाळात गेला, शेवट लांबला, आणि त्या लांबलेल्या शेवटावर, ठरलेल्या जागी, बारीक चीरसुद्धा पडली. नाव तेवढे नव्हते. ते मी घेतले नाही. बाकी सगळे होते.

माझी शेजारीण त्यात शिरली नाही. तिची शेजारीणही शिरली नाही. मी आणखी एकदा प्रयत्न केला, कारण प्रयोग फसला तर दुसऱ्यांदा सुरुवात करता येते, असे मी कुठेतरी शिकले आहे. दुसऱ्या वेळी तो आवाज अधिक चांगला लागला. बायका माना खाली घालून वाळूकडे पाहत होत्या. लाइल पुरुषांच्या बाजूला उभा होता. त्याने पाठ फिरवली.

मग नोलीन उठली. मला वाटले, ती मला मारील. तो तिचा अधिकार आहे आणि मला त्याने बरे वाटले असते. ती माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने आपला तळहात माझ्या तोंडावर ठेवला. दाबला नाही. झोपेत बोलणाऱ्या मुलाच्या तोंडावर ठेवतात, तसा. हाताला राखेचा वास होता. मी गप्प होईपर्यंत तिने तो तिथेच ठेवला. मग माझ्या शेजारी, माझ्यासाठी राखलेल्या जागेतच थोडी दाटी करून, ती बसली.

शेवटी नोलीनच्या आईने सुरुवात केली. तिचा आवाज फुटका आहे, स्वर कुठेच ठरत नाही. तिच्यात शेजारची शिरली, मग तिच्या शेजारची. आता सगळ्या रडत होत्या. नोलीनही, आवाज न करता.

मी ऐकत बसले.